दूरचें व्याख्यान व जवळचा अध्यापक

दौलताबादचा किल्ला पाहावयास येणारे लोक चांदमिनार पाहतात, खडकांत खोदलेला खंदक पाहतात, अंधारी वाट चढून बारादरीपर्यंत जातात आणि घामाघूम होऊन उतरतात. याच किल्ल्यावर सोळाव्या शतकांत जनार्दनस्वामी अधिकारी होते, आणि पैठणचें घर सोडून आलेले बाल एकनाथ त्यांच्यापाशीं शिकावयास राहिले. संतचरित्रांतील पुढची गोष्ट महाराष्ट्रांतील लहान मुलांनाहि ठाऊक आहे. दरबारच्या हिशेबांत एका पैची चूक येत होती. शिष्य रात्रभर दिव्यापाशीं वह्या घेऊन बसला. पहाटेच्या सुमारास चूक सांपडली आणि आनंदाच्या भरांत त्यानें टाळी वाजविली. त्या टाळीनें स्वामी जागे झाले. कीर्तनकार या गोष्टीचें तात्पर्य चित्ताच्या एकाग्रतेकडे नेतात, आणि तें योग्यच आहे. पण तिच्यांत आणखी एक साधी बाब आहे, ती सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं. टाळी ऐकूं जाईल इतक्या अंतरावर कोणीतरी होतें.

उच्च शिक्षणांत हल्लीं ज्यांना ऑनलाइन अभ्यासक्रम म्हणतात, त्यांचा विचार या टाळीपासून सुरू करणें गैर होणार नाहीं. एखाद्या नामांकित प्राध्यापकाचीं व्याख्यानें एकदां चित्रित करावयाचीं, त्यांचे लहान लहान तुकडे पाडावयाचे, तुकड्यामागें चारदोन प्रश्न ठेवावयाचे, आणि तें सर्व इंटरनेटवरून हजारों विद्यार्थ्यांना एकाच वेळीं खुलें करावयाचें, असें त्यांचें ढोबळ स्वरूप आहे. भारतांत या कामाचा पाया २००३ सालीं आय.आय.टी. संस्था व बंगळूरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स यांनीं मिळून घातला, त्यांच्या एन्.पी.टी.ई.एल्. या उपक्रमानें अभियांत्रिकीचीं व्याख्यानें सर्वांना मोकळीं केलीं. पुढें ९ जुलै २०१७ रोजीं केंद्र सरकारचें ‘स्वयम्’ हें व्यासपीठ सुरू झालें. त्यावरील अभ्यासक्रमाला नांव नोंदविण्यास पैसे पडत नाहींत. प्रमाणपत्र हवें असेल तर परीक्षेचें शुल्क भरावें लागतें.

या सोयीची थट्टा करण्याचें कांहींच कारण नाहीं. कन्नड किंवा वैजापूर येथील विद्यार्थ्याला चेन्नईच्या आय.आय.टी.तील प्राध्यापकाचें गणित घरबसल्या ऐकावयास मिळावें, ही लहान गोष्ट नव्हे. शिक्षण दाराशीं नेण्याची इच्छाहि नवी नाहीं. लंडन विद्यापीठानें १८५८ सालींच महाविद्यालयांत न येतां पदवीची परीक्षा देण्याची मुभा दिली होती. दिल्ली विद्यापीठानें १९६२ सालीं पत्रद्वारां शिक्षण सुरू केलें. १९८९ सालीं नाशिक येथें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालें. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरु. त्या विद्यापीठानें मराठींत पाठ्यपुस्तकें तयार केलीं आणि गांवोगांवच्या महाविद्यालयांतून अभ्यासकेंद्रें काढलीं. नोकरी संभाळून शिकणारा शिपाई, लग्नामुळें शिक्षण अर्धवट राहिलेली गृहिणी, शेतांत राबणारा तरुण, यांच्यापैकीं कित्येकांना पदवी मिळाली ती याच मार्गानें. मात्र त्या अभ्यासकेंद्रावर एक समंत्रक नेमलेला असतो, आणि विद्यार्थी त्याच्यासमोर येऊन बसतात, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

वाद खरा उपस्थित होतो तो जमाखर्चाच्या वहींत. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१६ सालीं ‘स्वयम्’विषयीं जे विनियम केले, त्यांत एका सत्रांतील विषयांपैकीं २० टक्क्यांपर्यंत विषय या मार्गानें घेण्याची व त्यांचे श्रेयांक पदवींत धरण्याची परवानगी दिली. ही परवानगी केव्हां वापरावी, याचीं कारणेंहि त्यांतच सांगितलीं होतीं. विद्यार्थ्यांना हवा असलेला ऐच्छिक विषय महाविद्यालयांत शिकविला जात नसेल तर, हें एक कारण. वर्गांतील अध्यापनाला पूरक म्हणून, हें दुसरें. या दोहोंवर कोणीहि आक्षेप घेणार नाहीं. परंतु यादींत सर्वांच्या आधीं घातलेलें कारण वेगळेंच होतें: विषय शिकविण्यास योग्य अध्यापक उपलब्ध नसेल तर. पुढें मार्च २०२१ मध्यें नवे विनियम आले आणि २० टक्क्यांचे ४० टक्के झाले.

अध्यापक उपलब्ध नसणें, हे शब्द वाचतांना निरुपद्रवी वाटतात. यंदा पाऊस नाहीं, तसा जणूं यंदा अध्यापक नाहीं. पण प्राध्यापकाची जागा आभाळांतून पडत नाहीं. ती मंजूर करावी लागते, तिची जाहिरात द्यावी लागते, निवड समिति बसवावी लागते, आणि मग दरमहा वेतन द्यावें लागतें. यांपैकीं एखादी पायरी कोणीतरी अडवून धरली म्हणजे अध्यापक ‘अनुपलब्ध’ होतो. महाराष्ट्रांतील अनुदानित महाविद्यालयांत अशा जागा वर्षानुवर्षें रिकाम्या राहत आल्या आहेत, आणि त्यांवरचें काम ‘तासिका तत्त्वावर’ नेमलेले शिक्षक करीत आले आहेत. जितके तास तितके पैसे. सुटीच्या महिन्यांत कांहीं नाहीं. नेट उत्तीर्ण झालेला, पीएच्.डी. मिळविलेला तरुण चाळिशीस आला तरी याच हिशेबावर राबतो आहे, हें दृश्य मराठवाड्यांतील तालुक्याच्या गांवीं दुर्मिळ नाहीं.

आतां या दोन गोष्टी शेजारीं शेजारीं ठेवून पाहाव्या. एकीकडे रिकामी जागा आहे, आणि दुसरीकडे ती रिकामी असल्यामुळेंच मिळणारी सवलत आहे. संस्थेच्या चालकांना दुष्ट ठरविण्याची गरज नाहीं. भला मनुष्यहि हें गणित करील. समजा, तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी सात आहेत, संस्कृताचे पांच. त्यांच्यासाठीं पद मागत सरकारी कचेरींत खेटे घालण्यापेक्षां त्यांना ‘स्वयम्’वर नांव नोंदवावयास सांगणें किती सोपें! पुढच्या वर्षीं तें पद मागण्याचें कारणच उरत नाहीं, कारण विषय चालू आहे, परीक्षा झाली आहे, निकालहि लागला आहे. अडचणीवरचा उपाय म्हणून आलेली सवलत अशा रीतीनें अडचण कायम ठेवण्याचें निमित्त होऊन बसते. विषय वेळापत्रकांत राहतो. तो जाणणारा मनुष्य मात्र गांवांतून निघून जातो, आणि त्याच्याबरोबर त्याची पुस्तकांची कपाटें, त्याच्या घरीं संध्याकाळीं चालणारें बोलणें, गांवच्या वाचनालयांतील त्याचीं व्याख्यानें, हेंहि सर्व जातें.

हाच वाद अमेरिकेंत २०१३ सालीं उघडपणें झाला, आणि तो ज्या विषयावरून झाला तो पाहिला म्हणजे गंमत वाटते. हार्वर्ड विद्यापीठांतील मायकेल सँडेल यांचा ‘न्याय’ या विषयावरील अभ्यासक्रम फार गाजलेला आहे. कॅलिफोर्नियांतील सॅन होझे स्टेट हें सरकारी विद्यापीठ. साध्या परिस्थितींतील मुलांचा भरणा तेथें मोठा. सँडेल यांचीं चित्रित व्याख्यानें तेथील वर्गांत वापरावीं अशी सूचना आली. तत्त्वज्ञान विभागांतील अध्यापकांनीं ती नाकारली आणि एप्रिल २०१३ मध्यें खुद्द सँडेल यांनाच उघड पत्र लिहिलें. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा कीं, या वाटेनें गेल्यास विद्यापीठांचे दोन वर्ग पडतील. श्रीमंत विद्यापीठांतील मुलांना समोर उभा असलेला प्राध्यापक मिळेल, आणि गरीब विद्यापीठांतील मुलांना त्या भाग्यवान मुलांची प्राध्यापकाशीं झालेली चर्चा पडद्यावर पाहावयास मिळेल. सामाजिक न्यायासारख्या विषयावर देशभर एकच व्याख्यानमाला चालावी, ही कल्पनाहि त्यांना भयावह वाटली. आपल्या व्याख्यानांचा उपयोग इतर ठिकाणच्या सहकाऱ्यांच्या नुकसानाकडे व्हावा अशी आपली इच्छा नाहीं, असें उत्तर सँडेल यांनीं दिलें. उत्तर सज्जनपणाचें होतें. परंतु चित्रित व्याख्यान एकदां हातून सुटलें म्हणजे त्याचा मालक कोण, आणि कोणाच्या जागेवर तें लावावयाचें हें ठरविणारा कोण, या प्रश्नाचें उत्तर व्याख्यात्याच्या हातीं राहत नाहीं.

त्याच विद्यापीठानें त्याच वर्षीं उडॅसिटी नांवाच्या कंपनीबरोबर दुसरा प्रयोग केला. गणिताचे दोन व संख्याशास्त्राचा एक असे तीन विषय ऑनलाइन शिकविले. नेहमींच्या वर्गांच्या मानानें उत्तीर्णांचें प्रमाण पुष्कळच खालीं आलें आणि जुलैमध्यें तो प्रयोग तूर्त थांबविण्यांत आला. उन्हाळी सत्रांत निकाल सुधारले हें खरें, पण त्या सत्रांत बसलेल्यांत आधींच पदवी मिळविलेले लोक बरेच होते. ज्याला शिकावें कसें हें कळलें आहे, त्याला पडदाहि पुरतो. हार्वर्ड व एम्.आय.टी. यांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांविषयीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत २०१९ सालीं जी माहिती प्रसिद्ध झाली, तिच्यावरून असें दिसलें कीं २०१७-१८ मध्यें नांव नोंदविणाऱ्या शंभरांपैकीं सुमारें तिघांनींच अभ्यासक्रम पुरा केला, आणि नोंदणी करणारांत सधन देशांतील लोकांचें प्रमाण मोठें होतें. यंत्र उत्तर चूक आहे एवढें तत्काळ सांगतें. एका पैची चूक हिशेबांत कोठून शिरली, हें विद्यार्थ्याच्या चेहऱ्याकडे पाहून ओळखणारें कोणी त्याच्यापाशीं नसतें. नभोवाणीलाहि हीच मर्यादा आहे: आवाज शेंकडों कोसांवर पोंचतो, पण श्रोत्याच्या कपाळावर आठी पडली तर वक्त्याला तिचा पत्ता लागत नाहीं.

असें असतांहि ग्रंथ उपलब्ध असेल तेथें शिक्षकावर खर्च कशाला, हा प्रश्न विचारला जातोच. त्याला दौलताबादच्याच इतिहासांत फार जुनें उत्तर आहे. कन्नडचा घाट उतरून चाळीसगांवाच्या बाजूस गेलें म्हणजे पाटण हें स्थळ लागतें. तेथील शिलालेख शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०७ च्या सुमाराचा, देवगिरीच्या यादवांच्या काळांतला आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणदेव याचा ज्योतिषी होता. आजोबांच्या ‘सिद्धांतशिरोमणि’ आदि ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून त्यानें पाटण येथें मठ स्थापन केला, आणि तेथील निकुंभवंशी मांडलिक सोइदेव यानें त्याला दान दिलें. आतां ‘सिद्धांतशिरोमणि’ हा ग्रंथ ११५० सालींच लिहून झाला होता आणि त्यावर ग्रंथकाराची स्वतःची टीकाहि होती. म्हणजे पोथी होती, आणि तिचा अर्थ सांगणारी दुसरी पोथीहि होती. नकला करून त्या देशोदेशीं पाठवितां येत होत्या. तरीहि नातवाला वाटलें कीं एका गांवीं मठ बांधावा, तेथें माणसें बसवावीं आणि त्यांच्या पोटाची सोय करावी. ती सोय शिलालेखाच्या मराठी भागांत नोंदलेली आहे. पेठेंत विकावयास येणाऱ्या मालावरचा राजाचा वांटा मठाला दिला, गिऱ्हाइकाकडून घ्यावयाचा अंश ठरवून दिला, आणि तेलाच्या दर घाण्यामागें पळी पळी तेल लावून दिलें. विद्या कोणाच्या खर्चानें चालते, हें इतक्या स्वच्छ मराठींत नंतर क्वचितच लिहिलें गेलें असेल.

महाविद्यालय असणें म्हणजे काय, हें या भागाला अलीकडच्या काळांतहि चांगलें ठाऊक आहे, कारण तें त्याला उशिरां मिळालें. निजामी राजवटींत १९१८ सालीं हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघालें. इंग्रजीऐवजीं उर्दूंतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता. त्यासाठीं भाषांतराचें स्वतंत्र खातें काढून पाश्चात्त्य शास्त्रांचे ग्रंथ उर्दूंत आणण्यांत आले. देशी भाषेंतून विद्यापीठ चालूं शकतें हें त्यानें दाखवून दिलें, हें श्रेय त्याला दिलेंच पाहिजे. पण पैठणच्या किंवा अंबडच्या मराठी मुलाला ती भाषाहि परकीच होती. एकासाठीं उघडलेला दरवाजा दुसऱ्यापुढें भिंत होऊन उभा राहिला. ‘स्वयम्’वरील पुष्कळशीं व्याख्यानें इंग्रजींत आहेत, त्यांच्या भाषांतराचें काम चालू आहे, पण मराठींतून शिकून आलेल्या मुलापुढें तीच जुनी भिंत नव्या रंगांत उभी आहे.

१९५० सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीनें तेव्हांच्या औरंगाबादेस, म्हणजे हल्लींच्या छत्रपति संभाजीनगरास, महाविद्यालय काढलें. तेंच पुढें मिलिंद महाविद्यालय या नांवानें प्रसिद्धीस आलें. म. भि. चिटणीस त्याचे पहिले प्राचार्य. १ सप्टेंबर १९५१ रोजीं राष्ट्रपति डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें त्याची कोनशिला बसली. बाबासाहेब न्यूयॉर्क व लंडन येथील विद्यापीठांत शिकलेले. ग्रंथांवर त्यांच्याइतकें प्रेम करणारा पुरुष विरळा. पण पुस्तकांची पेटी मराठवाड्यास पाठवून ते थांबले नाहींत. त्यांनीं जमीन घेतली, वर्ग उभारले, वसतिगृहें उभारलीं आणि अध्यापक आणून बसविले. ज्यांच्या घराण्यांत कोणीं कधीं महाविद्यालयाची पायरी पाहिली नव्हती, अशीं मुलें तेथें येऊन राहूं लागलीं. मराठी दलित साहित्याच्या इतिहासांत त्या आवाराचें नांव वारंवार येतें. ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाचे संपादक गंगाधर पानतावणे तेथेंच अध्यापक होते. हें सर्व एकट्या व्याख्यानांनीं घडलें नसणार. वर्ग सुटल्यावर झाडाखालीं, वसतिगृहाच्या ओसरीवर, चहाच्या पेल्याभोंवतीं जें बोलणें झालें असेल, त्याचा त्यांत मोठा वांटा असला पाहिजे.

पुढें २३ ऑगस्ट १९५८ रोजीं मराठवाडा विद्यापीठाचें उद्घाटन पंडित नेहरूंनीं केलें. त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव जोडण्यांत आलें तें १४ जानेवारी १९९४ रोजीं, सोळा वर्षांच्या झगड्यानंतर. विद्यापीठाच्या नांवावरून घरें जळालेलीं आणि माणसें मेलेलीं या भागानें पाहिलीं आहेत. विद्यापीठ म्हणजे माहिती पोंचविण्याची एक नळी, हा विचार येथील लोकांस पटणें कठीण आहे.

मार्च २०२० मध्यें सांथीमुळें सर्व वर्ग बंद पडले, तेव्हां कोणाची इच्छा न विचारतां सगळ्यांनाच पडद्याची परीक्षा द्यावी लागली. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरींत, २०१७-१८ सालीं, देशांतील ग्रामीण घरांपैकीं सुमारें १५ टक्के घरांतच इंटरनेटची सोय आढळली होती. शहरांत ती ४२ टक्के घरांत होती. तेव्हांपासून मोबाईल पुष्कळ पसरला हें खरें. पण घरांत फोन एकच, आणि तो वडिलांबरोबर शेतावर गेलेला. किंवा भावाच्या वर्गाची आणि बहिणीच्या वर्गाची वेळ एकच. अशा वेळीं तो कोणाच्या हातीं जाई, हें सांगावयास नको. दूरवरून येणाऱ्या हुकुमांचा अनुभव दौलताबादला जुना आहे. १३२७ सालीं महंमद तुघलकानें दिल्लीची राजधानी येथें हलविण्याचें ठरविलें, तेव्हां ज्यांना चालावें लागणार होतें त्यांचें मत कोणी घेतलें नव्हतें.

म्हणून ४० टक्के या आंकड्यापेक्षां, तो कोणत्या विषयांना लागणार आणि तें कोण ठरविणार, याकडे अधिक लक्ष दिलें पाहिजे. अभ्यासमंडळांत व विद्यापरिषदेंत या गोष्टींची चर्चा होते. पण ज्याचे तास जाणार तो तासिकेवरचा शिक्षक त्या सभांना सहसा नसतो, आणि ज्याला पडद्यासमोर बसावें लागणार तो विद्यार्थीहि बोलण्याइतका धीट नसतो. आयोगाच्या विनियमांत एक तरतूद आहे, तिच्याकडे फारसें कोणी पाहत नाहीं. संस्थेनें विद्यार्थ्याला प्रयोगशाळा, संगणक व ग्रंथालय यांची सोय विनामूल्य व पुरेशी करून द्यावी, आणि अभ्यासक्रम चालेल तितके दिवस त्याला मार्ग दाखविण्यास एक समन्वयक नेमावा, असें ती सांगते. ही तरतूद मनापासून पाळली गेली तर दूरच्या व्याख्यानानें जवळच्या अध्यापकाचें काम कमी न होतां वाढेल. विद्यार्थी चेन्नईचें व्याख्यान ऐकेल, आणि त्यांतलें न कळलेलें घेऊन समन्वयकाच्या टेबलापाशीं येईल. भीति एवढीच कीं, आधींच तासांखालीं वाकलेल्या एखाद्या शिक्षकाच्या नांवापुढें ‘समन्वयक’ हा शब्द लिहून वही मिटली जाईल. तेव्हां प्रत्येक महाविद्यालयानें आपल्या माहितीपुस्तकांत प्रवेशाच्या वेळींच छापावें, कीं यंदा कोणते विषय ऑनलाइन दिले आहेत, त्या विषयांच्या अध्यापकांच्या जागा किती वर्षें रिकाम्या आहेत, आणि समन्वयक कोणत्या खोलींत, आठवड्यांतून कोणत्या वारीं व किती वेळ बसतो.